संगणकात मराठी बसवताना: गावच्या नव्या परिचालकासाठी

ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून नुकत्याच लागलेल्या, किंवा बसस्टँडजवळ सेवा केंद्राचं शटर पहिल्यांदाच वर केलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मशीन येतं, नेट येतं, प्रिंटर येतो. मराठी मात्र कोणी नीट बसवून देत नाही. मग तालुक्याहून आलेली लाभार्थ्यांची यादी उघडली की नावांच्या जागी किडेमुंग्या दिसतात आणि समोर उभे असलेले काकाजी विचारतात, "माह्यं नाव कुठं गेलं रे बावा?"

बहुतेक वेळा नाव कुठंही गेलेलं नसतं. काय बिघडलं ते पडद्यावरचा कचराच सांगतो. म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी कचरा वाचायला शिका.

आधी कचरा वाचा

अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर ते सगळ्यात हलकं दुखणं. मजकूर शाबूत आहे, तो दाखवायला लागणारा फॉन्ट तेवढा त्या मशीनवर नाही. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत निर्मला यूआय आधीपासून असतो, जुन्या मशीनवर मंगल असतो, त्यामुळे मराठीसाठी हा प्रकार आता क्वचितच दिसतो.

सलग प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र आशा सोडा. ज्या साठवणीत देवनागरीला जागाच नाही अशा प्रकारात कोणीतरी ती फाइल सेव्ह केली, आणि मशीननं एकेका अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. त्यातून नाव परत काढणं कोणाच्या बापाला शक्य नाही. ज्यानं फाइल पाठवली त्याच्याकडून मूळ फाइल मागवा; फॉन्ट बदलून बघण्यात दुपार घालवू नका.

तिसरा प्रकार दिसायला सगळ्यात भयानक आणि दुरुस्तीला सोपा. डोक्यावर तिरपी रेघ असलेली लहान रोमन ए, तिच्यामागे चार काटे फुटलेलं बारीक वर्तुळ, मग आणखी एखादं चिन्ह, आणि पुन्हा तीच ए. असं ओळभर चाललेलं असतं. मजकूर इथंही पूर्ण आहे, फक्त उघडणाऱ्या प्रोग्रामनं तो भलत्या तक्त्यानं, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या भलत्याच यादीनं, वाचला.

चौथ्या प्रकारात साधी इंग्रजी अक्षरं दिसतात, पण शब्दाला काही अर्थ नसतो. 'मराठी' हा शब्द कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल आणि फॉन्ट बदलला गेला, तर ई, जे, के, मोठी बी, एच अशी पाच अक्षरं दिसतात. हे जुन्या फॉन्टचं प्रकरण, त्याकडे पुढे येतो.

हे होतं कशामुळे

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा यावर एकमत नसलं की असला गोंधळ होतो. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली होती. युनिकोडचं म्हणणं सोपं आहे: जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा नंबर, शेताच्या गट नंबरासारखा. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ नंबर मिळाले आहेत. 'म' चा नंबर २३५०. तुम्ही सिरोंचात असा की न्यूयॉर्कमध्ये, २३५० म्हणजे 'म'च. फॉन्ट कोणताही लावा, नंबर बदलत नाही.

आता हा नंबर फाइलमध्ये लिहायचा कसा, ही दुसरी गोष्ट. लिहिण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. आज सगळीकडे चालतं ते यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते १९९२ मध्ये तयार केलं. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट (० ते २५५ मधला एक आकडा) लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन. 'म' चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४, १७४.

समजा ही फाइल अशा प्रोग्रामनं उघडली जो जुना पाश्चात्त्य तक्ता धरून बसलाय. त्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. २२४ ला ती तिरप्या रेघेची ए आहे, १६४ ला काटेरी वर्तुळ, १७४ ला गोलातला आर. झाले एका 'म' चे तीन तुकडे. 'र' चं तिसरं चिन्ह अंशाच्या गोळीसारखं, काना झाला की पाऊण हा अपूर्णांक, आणि दीर्घ वेलांटीत तर जपानचं येन आणि युरोपचं युरो अशी दोन चलनं शेजारी बसलेली दिसतात. सवय झाली की हा कचरा थोडाफार वाचतासुद्धा येतो.

मात्र एक करू नका. पडद्यावरचा कचरा कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून "दुरुस्त" करायला जाऊ नका. हलन्ताचा, म्हणजे पाय मोडणाऱ्या चिन्हाचा, शेवटचा बाइट त्या जुन्या तक्त्यात कोणत्याच अक्षराला दिलेला नाही. कॉपी करताना तो गळू शकतो. 'ठ' चा शेवटचा बाइट तिथं न तुटणारी मोकळी जागा ठरतो, आणि पुष्कळ प्रोग्राम तिची साधी जागा करून टाकतात. मग विठ्ठलचं जे व्हायचं ते होतं. नेहमी मूळ फाइलकडे जा आणि ती योग्य तक्त्यानं पुन्हा उघडा.

मशीनची मांडणी

नेट चांगलं असेल अशा वेळी हे काम उरकून घ्या, कारण भाषेचा संच उतरवावा लागतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन इथं जा. 'ॲड अ लँग्वेज' दाबून मराठी निवडा. विंडोज १० मध्ये नावं थोडी इकडंतिकडं आहेत, रस्ता तोच.

मराठी बसवताना एक खूण विचारली जाते: हीच पडद्याची भाषा करायची का? माझं मत विचाराल तर कामाच्या मशीनवर करू नका. मराठीचा अभिमान कमी आहे म्हणून नव्हे. जिल्ह्याच्या तांत्रिक मदत कक्षातला माणूस फोनवर "कंट्रोल पॅनलमध्ये जा, रीजन उघडा" असं सांगणार, आणि तुमच्यासमोर ती नावं मराठीत असतील तर दोघंही चाचपडत बसाल. घरच्या मोबाइलची भाषा खुशाल मराठी ठेवा. कामाच्या मशीनवर मेनू इंग्रजी, टाइपिंग मराठी, हे जमतं.

त्याच पानावर रीजन आहे. देश भारत आणि फॉरमॅट 'इंग्लिश, इंडिया' ठेवा. नवं मशीन कित्येकदा अमेरिकन फॉरमॅटवर आलेलं असतं. मग ५/६ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे होते, आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम भलत्या जागी पडतात. पेरणीची तारीख महिनाभर मागे गेलेली विमा अर्जात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येते तेव्हा अर्ज परत आलेला असतो.

अक्षरं बारीक वाटत असतील तर ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टेक्स्ट साइझ वाढवा. इंग्रजीला पुरतो तो आकार मराठीला पुरत नाही; ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि अनुस्वार नजरेतून निसटतात, आणि चुका नेमक्या तिथंच राहतात.

रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या प्रोग्रामसाठी एक कप्पा आहे. त्यात यूटीएफ-८ सगळीकडे लागू करण्याची खूण आहे आणि तिच्यापुढे 'बीटा' लिहिलेलं असतं. तिला हात लावू नका. जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा जुन्या फॉन्टवर चालणारा टाइपिंगचा प्रोग्राम तेवढ्यानं बिघडू शकतो.

ब्राउझरमध्येही एक काम आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये भाषा उघडा, मराठी यादीत घाला, आणि सरकारी संकेतस्थळांसाठी आपोआप भाषांतर बंद करा. इंग्रजी अर्जावर भाषांतर चालू राहिलं तर रकान्यांची आणि पर्यायांची नावं बदलून दिसतात. मदत कक्षाला सांगताना तुम्ही वाचताय ते वेगळं आणि त्यांच्यासमोर असतं ते वेगळं.

टाइप करायचं कशानं

मराठी बसवली की तिच्या पर्यायांत कळफलक निवडता येतात. साधा 'मराठी' म्हणजे इन्स्क्रिप्ट. 'मराठी फोनेटिक' म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो, घड्याळाशेजारचं चिन्हही बदलतं.

टायपिंगच्या क्लासला जाऊन रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, शिकलेल्यांचा हात आधीच बसलेला असतो. त्यांनी तो मोडू नये. रेमिंग्टन मांडणीनं युनिकोड लिहून देणारे प्रोग्राम मिळतात, ते घ्यावेत. मांडणी जुनी चालेल, फॉन्ट जुना नको. फोनेटिक पहिल्या दिवसापासून चालतं, पण दिवसभर नावं भरायची असतील तर सुचवण्यांतून निवडत बसणं जिवावर येतं. हात कोरा असेल तर सरळ इन्स्क्रिप्ट शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि शिफ्ट दाबली की बरेचदा महाप्राण: के वर क, शिफ्ट-के वर ख. हीच मांडणी बाकीच्या भारतीय लिप्यांनाही आहे, हा वरचा फायदा.

पाय मोडायची कळ डी. जोडाक्षर बोलता तसं क्रमानं टाइप करायचं: आधी पहिलं व्यंजन, मग डी, मग दुसरं. वेलांटी डावीकडे दिसत असली तरी व्यंजनानंतर दाबायची. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्यासाठी वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसोबत अनुक्रमे ७, ५, ६ आणि ८.

आता आपल्या मुलखातली खरी अडचण. 'वर्धा' मध्ये रफार आहे आणि 'वऱ्हाड' मध्ये अर्धा र. अमरावती जिल्ह्यात मोर्शीला रफार लागतो आणि कुऱ्ह्याला लागत नाही. दोन्हींत 'र' चा पाय मोडलेला, मग मशीनला फरक कसा कळावा? त्यासाठी 'र' दोन ठेवलेत. साधा र जे वर आणि नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ शिफ्ट-जे वर. 'वर्धा' साठी दाबा बी, जे, डी, शिफ्ट-ओ, ई. 'वऱ्हाड' साठी बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, आणि पी च्या शेजारची उघड्या चौकटी कंसाची कळ. शिफ्ट विसरलात तर 'ह' च्या डोक्यावर रफार चढून 'वर्हाड' होतं. दुकानांच्या पाट्यांवर हे रूप इतकं दिसतं की ते चूक आहे हेच विसरायला होतं. गोऱ्हे, कुऱ्हाडे, मोऱ्हे ही आडनावं भरताना तुमची परीक्षा इथंच आहे.

खोडतानाची एक युक्ती: बॅकस्पेस अक्षराचा शेवटचा तुकडा तेवढा खोडतं, म्हणजे मात्रा चुकली तर मात्राच जाते. डिलीट कळ मात्र पुढचं अख्खं जोडाक्षर उडवते. वेलांटी सुधारण्यासाठी पूर्ण नाव पुसून पुन्हा लिहिणारे पुष्कळ पाहिलेत.

मोबाइलवर जीबोर्डमध्ये मराठी घातली की बोलूनही टाइप होतं. व्हॉट्सॲपच्या निरोपाला ठीक आहे. अर्जातलं नाव बोलून भरू नका, आपल्या बोलीतलं आडनाव त्याला वेगळंच ऐकू येतं.

एक्सेल: इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं

याद्या बहुधा सीएसव्ही नावाच्या साध्या फाइलमध्ये येतात. तिच्यावर डबल-क्लिक केलं की एक्सेल ती उघडतं आणि कोणता तक्ता वापरायचा हे न विचारता पाश्चात्त्य तक्ता धरतं. मग तो तिसऱ्या प्रकारचा कचरा. त्यावर घाबरून सेव्ह दाबलंत तर कचरा पक्का होतो.

डबल-क्लिक न करता असं करा. एक्सेलमध्ये कोरं पान उघडा. डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट, सीएसव्ही' निवडा. फाइल दाखवा. जी खिडकी येते तिच्यात 'फाइल ओरिजिन' हा कप्पा आहे. त्यात ६५००१ म्हणजेच यूटीएफ-८ निवडा. खालच्या नमुन्यात नावं नीट दिसू लागतील. त्याच खिडकीत डेटाचा प्रकार ओळखायचा की नाही हे विचारणारा कप्पा आहे, तिथं 'ओळखू नको' हाच पर्याय घ्या. का, ते पुढच्या परिच्छेदात. स्वतः फाइल तयार करून पाठवायची असेल तर सेव्ह ॲजमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, साधा सीएसव्ही नको. लिबरऑफिस कॅल्क या बाबतीत शहाणं आहे: सीएसव्ही उघडताना ते दरवेळी तक्ता विचारतं. फुकट आहे, एका बाजूला बसवून ठेवा.

डेटाचा प्रकार ओळखण्याची हौस एक्सेलला दांडगी. रकान्यात ७/१२ लिहा, त्याला वाटतं तारीख. भारतीय फॉरमॅटमध्ये ७ डिसेंबर करतं, अमेरिकन असेल तर १२ जुलै. अख्ख्या महाराष्ट्राची शेती ज्या उताऱ्यावर उभी आहे त्याचं नाव एक्सेलला उच्चारता येत नाही म्हणा ना. गमतीचा भाग सोडा, पण गट नंबर १२/३ किंवा ४/२ असले की तेही तारखा होतात, आणि नंतर रकान्याचा प्रकार टेक्स्ट केला तर मूळ नंबर परत येत नाही, पाच आकडी भलतीच संख्या समोर येते. १२ आकडी आधार क्रमांक ई आणि अधिकचं चिन्ह घालून आखूड दिसतो. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं गळतात. १६ आकडी खातं असेल तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल संख्येचे १५ अंकच खरे धरतं. पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात नाहीत, बहुधा परत येतात, पण शेतकरी दोन-तीन चकरा मारून थकतो.

उपाय कामाच्या आधी करायचा. गट नंबर, आधार, खाते, मोबाइल हे रकाने निवडा, प्रकार टेक्स्ट करा, मग भरायला घ्या. एकदोनच नोंदी असतील तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह ठेवलं तरी भागतं.

आणि हो, आकडे इंग्रजी कळफलकावरचेच भरा. देवनागरीतला ५ आणि इंग्रजीतला पाच हे मशीनच्या लेखी दोन वेगळे नंबर आहेत. पत्रात, नोटिशीत, फलकावर मराठी अंक हवेतच. अर्जाच्या रकान्यात ते बहुतेक संकेतस्थळं घेत नाहीत.

नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली सेव्हच्या शेजारी एन्कोडिंगचा कप्पा असतो. तिथं यूटीएफ-८ असू द्या. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये तेच आपोआप येतं, जुन्या मशीनवर एएनएसआय, म्हणजे तो जुना तक्ता, असतं. एएनएसआयमध्ये मराठी सेव्ह करायला गेलात की मशीन एकदा इशारा देतं, यातली युनिकोड अक्षरं जातील म्हणून. गर्दीच्या वेळी कोणी वाचत नाही, ओके दाबतं, आणि सुरुवातीला सांगितलेली प्रश्नचिन्हं तयार होतात.

कृतिदेवमधल्या जुन्या फाइली

पंचायतीच्या कपाटात नाही तर जुन्या हार्ड डिस्कवर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, डीव्ही-टीटी सुरेख असल्या फॉन्टमधले ठराव आणि नमुने पडलेले असतात. या फॉन्टमध्ये फाइल खरं तर इंग्रजीच असते; फॉन्ट 'ई' च्या जागी 'म' चं चित्र काढतो एवढंच. म्हणून फॉन्ट काढला की मराठी जाते, आणि त्यात एखादं नाव शोधायला गेलात तर सापडत नाही. फॉन्ट मंगल करून बघणं व्यर्थ आहे, रूपांतर करावं लागतं.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. आधी मूळ फॉन्ट कोणता ते वर्डमध्ये बघा, कारण श्रीलिपीची फाइल कृतिदेव समजून बदलली तर चौथ्याच भाषेत निघते. ऑनलाइन पानावर आधार किंवा खाते क्रमांक असलेला मजकूर चिकटवू नका, तो कुठं जातो सांगता येत नाही. असली कामं मशीनवर बसवलेल्या प्रोग्रामनं करा. निघालेला मजकूर ठरावावर लावण्याआधी मूळ कागदाशी ताडून बघा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो, रूपांतरात त्यांच्या जागा उलट कराव्या लागतात, आणि चुका नेमक्या तिथं होतात. अर्धा र, द्य, श्र, ऋ हेही तपासा. मधेच इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ता असेल तर त्याचीही निरर्थक मराठी झालेली सापडेल.

पीडीएफ असेल तर आधी थोडा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. नीट आला तर नशीब. नाही आला तर ती फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सनं उघडा. तो पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखतो. छपाई स्वच्छ असेल तर बरंच काम होतं. सायक्लोस्टाइलच्या जमान्यातली पानं सरळ हातानं टाइप केलेली परवडतात.

दिसायला एक, आतून दोन

यादीत नाव डोळ्यांना दिसतंय, शोधलं तर सापडत नाही. या तक्रारीचं कारण बहुधा वर सांगितलेल्या अर्ध्या र मध्ये असतं. तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, मशीनला दोन वेगळे शब्द. 'ॲड.' मधला ॲ सुद्धा तसाच: २००८ पासून त्याला स्वतःचा नंबर आहे, त्याआधी अ वर चंद्र चढवून काम भागवत, आणि तशा नोंदी अजून आहेत. नावामागे राहिलेली मोकळी जागा हा त्यात तिसरा प्रकार. दोन याद्या एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्रानं जुळवताना निम्मी नावं जुळली नाहीत तर लाभार्थी अपात्र ठरवण्याआधी हे बघा. कार्यालयात एकच पद्धत ठरवा, आणि फाइंड-रिप्लेसनं जुन्या नोंदी तिच्यात आणा. ट्रिम सूत्रानं मोकळ्या जागा काढा.

नावं अकारविल्हे लावतानाही पंचाईत होते. युनिकोडच्या नंबरांत ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष म्हणजे मशीनला क, हलन्त, ष, म्हणून निव्वळ नंबरांनी लावलेल्या यादीत क्षीरसागर 'क' च्या घोळक्यात सापडतो. मराठीचा क्रम पाळणारे प्रोग्राम आहेत, पण तुमच्यासमोरचा पाळतोच असं धरून चालू नका.

पत्रात ल आणि श हिंदीसारखे दिसत असतील तर वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी ठरवा. काही फॉन्ट भाषा बघून आपल्या वळणाची अक्षरं दाखवतात. राज्य शासनानं २००९ मध्ये लिपीचा प्रमाण नमुना ठरवून दिलेला आहे, त्यातला ल आणि श हवा तर फॉन्टही तसा निवडावा लागतो.

एसएमएस आणि सीमेपलीकडच्या लिप्या

ग्रामसभेचा निरोप गावभर एसएमएसनं पाठवणार असाल तर हिशेब असा: इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'ग्रामसभा' दिसायला चार अक्षरं, मोजायला आठ. मजकूर लांबला की एकाचे दोन-तीन संदेश होतात आणि तेवढे पैसे कापले जातात. "सर्व सन्माननीय ग्रामस्थांना कळविण्यात येते की" एवढ्यातच अर्ध्याहून जास्त जागा जाते. वार, वेळ आणि ठिकाण आधी लिहा.

गडचिरोलीच्या दक्षिणेला काम करणाऱ्यांकडे तेलुगू कागद येतात. निर्मला यूआयमध्ये तेलुगू आहे, वेगळा फॉन्ट नको. गोंडीचं तसं नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली आणि आदिलाबादकडच्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी २०१८ साली. दोन्हींसाठी नोटोचे फॉन्ट फुकट मिळतात, ते मुद्दाम बसवावे लागतात. नाही तर रिकाम्या चौकटी. या अक्षरांना यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. शाळेसाठी किंवा बचत गटासाठी कोणाकडून संकेतस्थळ करून घेत असाल आणि त्यामागे मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल, तर त्याचं एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ न ठेवता यूटीएफ-८ चा चार बाइटांचा प्रकार ठेवायला सांगा. साध्या प्रकारात तीनच बाइट मावतात, आणि गोंडीच काय, हसरा चेहरासुद्धा साठवता येत नाही.

नवं मशीन आलं की करायची चाचणी

नोटपॅडमध्ये ही एक ओळ टाइप करा: "ॲड. ज्ञानेश्वर कुऱ्हाडे, मोर्शी, वऱ्हाड, ट्रॅक्टर, ऑक्टोबर, क्षीरसागर, विठ्ठल, केळी, श्रावण, गट १२/३". यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा. मग तीच ओळ एक्सेलमध्ये टेक्स्टच्या रकान्यात टाका, 'सीएसव्ही यूटीएफ-८' करून वरच्या रस्त्यानं परत आत घ्या. शेवटी वर्डमधून पीडीएफ करा आणि कागदावर छापा. छापताना विठ्ठलचा ठ्ठ आणि कुऱ्हाडेतला अर्धा र बघा, कारण पडद्यावर बरोबर दिसलेलं प्रिंटरवर तुटू शकतं. तुटलं तर प्रिंटच्या खिडकीतल्या ॲडव्हान्स्ड भागात 'प्रिंट ॲज इमेज' हा पर्याय शोधा. पीडीएफ वाचणाऱ्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये तो आहे. छपाई थोडी सावकाश होते, अक्षरं मात्र जशीच्या तशी उतरतात. ही फाइल 'चाचणी' नावानं पेनड्राइव्हवर ठेवा. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं तर आणखी बरं, कारण जुन्या मशीनवर झिप केलेल्या फाइलींची मराठी नावं उघडताना बिघडतात.